बूट-सूची, लिनक्स प्रणालीतील

संगणक सुरू केल्यावर लिनक्स ही प्रचालन प्रणाली स्मृतीत येण्यापूर्वी पडद्यावर दाखविली जाणारी, सुरू करता येण्याजोग्या गाभ्यांची व प्रणालींची यादी. प्रचालन प्रणालीचा जो मध्यवर्ती भाग प्रक्रियक, स्मृती, चकत्या व इतर प्रयुक्ती यांचे थेट नियंत्रण करतो, त्याला गाभा किंवा कर्नेल म्हणतात. कोणता गाभा स्मृतीत आणावयाचा आणि त्याला कोणत्या सूचना द्यावयाच्या, या दोन गोष्टी सूचीतील प्रत्येक नोंद ठरविते. या सूचनांना गाभा-पर्याय म्हणतात.

लिनक्स नव्याने बसविल्यावर सूचीत दोनतीन नोंदी दिसतात. प्रणाली काही महिने अद्ययावत होत गेली की, त्याच नावापुढे निरनिराळे आकडे असलेल्या आणखी नोंदी तयार होतात. प्रथमदर्शनी ही अनावश्यक पुनरुक्ती वाटते. वस्तुतः त्या एकाच प्रणालीत शिरण्याच्या वेगवेगळ्या वाटा असतात. वापरकर्त्याच्या फाईली, बसविलेल्या आज्ञावल्या व मांडणी या सर्व वाटांनी एकच राहतात. बदलतो तो केवळ गाभा किंवा त्याला दिलेल्या सूचना. नवा गाभा एखाद्या यंत्रावर चालला नाही, तर जुना गाभा हाताशी असावा, हा या व्यवस्थेचा मुख्य हेतू होय. हे ठाऊक नसल्यास दोन प्रकारचे नुकसान संभवते : जुन्या नोंदी निरुपयोगी समजून त्या सर्व काढून टाकल्या जातात, किंवा नवा गाभा सुरू होत नाही एवढ्यावरून संपूर्ण प्रणाली पुन्हा बसविली जाते व तीत साठविलेली माहिती नष्ट होते.

सूचीतील व आज्ञांमधील शब्द पडद्यावर रोमन लिपीत असतात. प्रस्तुत नोंदीत त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

प्रारंभाचे टप्पे : विद्युत् पुरवठा सुरू झाला, तेव्हा संगणकाच्या मुख्य स्मृतीत कोणतीही आज्ञावली नसते. आज्ञावली चकतीवरून आणण्यासाठीही एखादी आज्ञावली लागते. ही अडचण लहान आज्ञावलीने मोठीला व मोठीने तिच्याहून मोठीला आणावयाचे, अशा पद्धतीने सोडविली जाते. स्वतःच्या बुटाच्या मागील पट्ट्या ओढून स्वतःलाच वर उचलण्याच्या कल्पनेवरून या क्रियेला बूटस्ट्रॅप असे इंग्रजी नाव पडले व त्याचाच संक्षेप ‘बूट’ असा झाला.

पहिला टप्पा फर्मवेअरचा असतो. मुख्य फलकावरील चिपेत कायम साठविलेली ही आज्ञावली स्मृती, कळफलक, चकत्या इत्यादींची प्राथमिक तपासणी करते. जुन्या वैयक्तिक संगणकांत ती बायोस या नावाची असे. बायोस चकतीवरील पहिला ५१२ बाइटांचा खंड वाचते. त्यातील ४४६ बाइट आज्ञावलीसाठी, ६४ बाइट चकतीच्या विभागांच्या तक्त्यासाठी व शेवटचे दोन बाइट ओळखचिन्हासाठी असतात. अलीकडील संगणकांत बायोसऐवजी यूईएफआय हे फर्मवेअर असते. ते चकतीवरील फॅट पद्धतीच्या एका लहान विभागातून पूर्ण फाईल वाचू शकते. त्यामुळे ४४६ बाइटांची मर्यादा त्याला नाही.

दुसरा टप्पा बूटलोडरचा. बूट-सूची दाखविणारी आज्ञावली हीच होय. निवडलेल्या नोंदीनुसार ती दोन फाईली स्मृतीत आणते. पहिली फाईल संपीडित गाभ्याची असून तिचे नाव ‘व्हीएमलिनझ’ या अक्षरांनी सुरू होते. त्यातील पहिली दोन अक्षरे आभासी स्मृतीची व अंत्य अक्षर संपीडनाचे निदर्शक आहे. दुसरी फाईल प्रारंभिक रॅमचकतीची असते. मूळ फाईल प्रणाली ज्या चकतीवर आहे, ती चकती वाचण्यासाठी लागणारे चालक घटक स्वतः त्याच चकतीवर असतात. हे कोडे सोडविण्यासाठी आवश्यक तेवढे घटक या रॅमचकतीत भरून गाभ्याबरोबरच स्मृतीत आणले जातात.

तिसऱ्या टप्प्यात गाभा कार्यान्वित होतो, प्रयुक्ती ओळखतो, मूळ फाईल प्रणाली जोडतो व ‘इनिट’ ही पहिली प्रक्रिया सुरू करतो. येथपासून पुढील सर्व सेवा इनिटकडून सुरू केल्या जातात. बहुतेक प्रमुख वितरणांत हे काम आता सिस्टिमडी ही आज्ञावली करते.

इतिहास : लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी हेल्सिंकी येथे विद्यार्थी असताना १९९१ मध्ये लिनक्स गाभ्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. आरंभी गाभा लवचिक चकतीवर लिहून त्या चकतीनेच संगणक सुरू करीत. व्हेर्नर आल्मेसबेर्गर यांनी तयार केलेल्या लिलो या बूटलोडरमुळे स्थिर चकतीवरून लिनक्स व इतर प्रणाली यांतून निवड करणे सोयीचे झाले. लिलो सुरू होताना आपल्या नावातील चार अक्षरे एकेक करून पडद्यावर उमटवी व प्रत्येक अक्षर एकेक टप्पा पूर्ण झाल्याचे दर्शवी. पडद्यावर पहिली दोनच अक्षरे उमटून यंत्र थांबले, तर दुसऱ्या टप्प्याची आज्ञावली चालू शकली नाही, असा त्याचा अर्थ होई.

लिलोला फाईल प्रणालीची रचना समजत नसे. गाभा चकतीवरील कोणत्या खंडांत आहे, याची यादी तो आगाऊ नोंदवून ठेवी. परिणामी गाभ्याची फाईल बदलली, पण लिलोची आज्ञा पुन्हा चालविण्याचे राहून गेले, तर नोंदलेल्या जागी जुना गाभा नसे व नव्याचा पत्ता लागत नसे; संगणक सुरूच होत नसे. शिवाय अनेक जुन्या बायोसना चकतीच्या १,०२४ व्या सिलिंडरपलीकडील भाग वाचता येत नसे. म्हणून चकतीच्या आरंभी ‘बूट’ नावाचा लहान स्वतंत्र विभाग ठेवून गाभे त्यात ठेवण्याची रीत पडली. बायोसची ती मर्यादा नाहीशी झाली; तथापि कूटबद्ध चकत्यांसारख्या अन्य कारणांमुळे ही रीत टिकून आहे. लिलोचा विकास २०१५ मध्ये थांबविण्यात आला.

एरिख बोलिन यांनी १९९५ मध्ये ग्रब हा बूटलोडर लिहिला. तो ग्नू प्रकल्पाच्या हर्ड या प्रणालीसाठी होता. १९९९ मध्ये गॉर्डन मॅट्झिगकाइट व योशिनोरी ओकुजी यांनी तो ग्नू प्रकल्पाचा अधिकृत घटक म्हणून पुढे विकसित केला. ग्रबला निरनिराळ्या फाईल प्रणाली वाचता येतात. त्यामुळे गाभा नावाने शोधता येतो आणि सूचीतील नोंद सुरू होण्याच्या क्षणीही बदलता येते. ओकुजी यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या पुनर्लेखनातून ग्रबची दुसरी पिढी निर्माण झाली, तिची २.०० ही आवृत्ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. डेबियन, उबुंटू, फेडोरा इ. वितरणांत ती वापरली जाते. सी-डॅक या भारतीय संस्थेने विकसित केलेली बॉस ही प्रणाली डेबियनवर आधारित आहे. केवळ यूईएफआय संगणकांसाठी असलेला सिस्टिमडी-बूट हा अधिक साधा बूटलोडरही प्रचारात आहे.

सूचीतील नोंदींचे प्रकार : (१) नेहमीची नोंद. ही सर्वांत वर असते व ठराविक सेकंद कोणतीही कळ दाबली नाही, तर आपोआप निवडली जाते. तिच्यात बहुधा सर्वांत नवा गाभा असतो. उबुंटूमध्ये या नोंदीत गाभ्याचा क्रमांक दाखविला जात नाही.

(२) जुने गाभे. डेबियन व उबुंटू यांत ते ‘प्रगत पर्याय’ अशा अर्थाच्या उपसूचीत असतात. फेडोरामध्ये ते मुख्य सूचीतच एकाखाली एक दिसतात. इतर आज्ञावल्यांची नवी आवृत्ती जुनीची जागा घेते, परंतु नवा गाभा जुन्याच्या शेजारी बसविला जातो. चालू असलेला गाभा काढून टाकणे धोक्याचे असते, हे त्याचे एक कारण. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण असे की, गाभा प्रत्येक यंत्रातील निराळ्या सामग्रीशी थेट संबंधित असल्यामुळे तो एका यंत्रावर निर्दोष चालला, तरी दुसऱ्यावर चालेलच असे नाही. फेडोरामध्ये सामान्यतः तीन गाभे ठेवले जातात व चौथा येताच सर्वांत जुना काढला जातो.

(३) पुनर्प्राप्तीची नोंद. उबुंटू व डेबियन यांत प्रत्येक गाभ्याबरोबर अशी एक नोंद असते. तिच्यात गाभा तोच असतो, मात्र प्रणाली किमान सेवांसह, एकाच वापरकर्त्यासाठी व बहुधा चित्रमय पडद्याशिवाय सुरू होते. फाईल प्रणाली तपासणे, विसरलेला परवलीचा शब्द बदलणे, सदोष पॅकेज काढणे अशा कामांसाठी ती उपयोगी पडते. फेडोरातील ‘रेस्क्यू’ ही नोंद याहून भिन्न आहे. नेहमीच्या रॅमचकतीत त्या विशिष्ट यंत्राला लागणारेच चालक घटक असतात, तर रेस्क्यू नोंदीच्या रॅमचकतीत सर्वसाधारण घटकांचा मोठा संच असतो. त्यामुळे चकती दुसऱ्या यंत्राला जोडली, तरी प्रणाली सुरू होण्याची शक्यता राहते.

(४) इतर प्रणाली. त्याच संगणकावर विंडोज किंवा दुसरे लिनक्स वितरण असल्यास ‘ओएस-प्रोबर’ ही आज्ञावली ते शोधून सूचीत घालते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रब २.०६ पासून सुरक्षेच्या कारणास्तव हा शोध मूळ मांडणीत बंद ठेवण्यात आला. म्हणून लिनक्स बसविल्यावर किंवा अद्ययावत केल्यावर विंडोजची नोंद दिसत नसेल, तर विंडोज नष्ट झाली असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. ती बहुधा चकतीवर जशीच्या तशी असते. केवळ सूचीत तिचा उल्लेख नसतो.

(५) साहाय्यक नोंदी. स्मृतीची तपासणी करणारी आज्ञावली व यूईएफआय फर्मवेअरच्या मांडणीत जाण्याची वाट यांचा यांत समावेश होतो.

गाभ्याच्या नावाचा अर्थ : नोंदीतील आकडे व अक्षरे विशिष्ट क्रमाने येतात. उदा., डेबियन १२ मधील ‘६.१.०-१८-एएमडी६४’ या नावातील ६.१ ही टॉरव्हाल्ड्स यांनी डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूळ गाभ्याची मालिका आहे. त्यापुढील १८ हा डेबियनचा स्वतःचा क्रमांक असून गाभा व त्याचे मॉड्यूल यांचा परस्परमेळ तो दर्शवितो. या विशिष्ट गाभ्यात मूळ मालिकेतील ६.१.७६ पर्यंतच्या दुरुस्त्या समाविष्ट होत्या. नावात मात्र शून्यच दिसते. सारांश, केवळ नावातील तिसऱ्या आकड्यावरून गाभा किती अद्ययावत आहे, हे ठरविता येत नाही.

शेवटचा शब्द अनेकांना गोंधळात टाकतो. ‘एएमडी६४’ याचा अर्थ तो गाभा केवळ एएमडी कंपनीच्या प्रक्रियकांसाठी आहे, असा नव्हे. एक्स८६ प्रक्रियकांचा ६४ बिटी विस्तार त्या कंपनीने प्रथम केला व २००३ मध्ये बाजारात आणला. पुढील वर्षी इंटेलनेही तो स्वीकारला. नाव मूळ निर्मात्याचे राहिले, गाभा दोन्ही कंपन्यांच्या प्रक्रियकांवर चालतो. ‘जेनेरिक’ म्हणजे सर्वसाधारण यंत्रांसाठीचा गाभा. ‘लोलेटन्सी’ या प्रकारात प्रतिसादातील विलंब कमी ठेवण्यावर भर असून तो ध्वनिमुद्रणासारख्या कामांसाठी असतो. ३२ बिटी यंत्रांसाठीच्या गाभ्याच्या नावात ‘पीएई’ असल्यास तो ४ गिगाबाइटांहून अधिक स्मृती वापरू शकतो.

एकाच आवृत्तीचे दोन गाभे बसविले जाण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण २००३ मधील रेड हॅट लिनक्स ९ चे आहे. एकाहून अधिक प्रक्रियक, किंवा एकच प्रक्रियक दोघांप्रमाणे भासविणारे हायपर-थ्रेडिंग तंत्र असलेल्या यंत्रावर ती बसविली की, सूचीत २.४.२०-८ या आवृत्तीच्या दोन नोंदी दिसत. एकीपुढे ‘एसएमपी’ ही अक्षरे असत व तो गाभा अनेक प्रक्रियकांसाठी असे. दुसरीतील ‘यूपी’ ही अक्षरे एकप्रक्रियकी गाभ्याची निदर्शक होती. एसएमपी गाभा अडखळल्यास यूपी गाभ्याने यंत्र सुरू करता येई, मात्र एकाच प्रक्रियकाचा उपयोग होई. एसएमपी गाभा एकप्रक्रियकी यंत्रावर स्वतःलाच अनुरूप करून घेऊ शकेल, असे तंत्र २००६ च्या सुमारास आल्यावर ही द्विरुक्ती मागे पडली.

दशांश चिन्हापूर्वीच्या आकड्याला फार महत्त्व देण्याचे कारण नाही. पूर्वी दुसरा आकडा विषम असल्यास तो गाभा प्रायोगिक समजत. २.६ मालिकेनंतर २०११ मध्ये ३.० हा क्रमांक देण्यात आला, तेव्हापासून पहिला आकडा मोठ्या तांत्रिक बदलाचा नव्हे, तर केवळ मोजणीच्या सोयीचा राहिला आहे.

गाभा-पर्याय : ग्रबच्या सूचीत इष्ट नोंदीवर येऊन ‘ई’ ही कळ दाबली असता त्या नोंदीतील मजकूर संपादनासाठी उघडतो. त्यात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत गाभ्याच्या फाईलीचे नाव व त्यापुढे पर्याय असतात. बदल करून ‘कंट्रोल’ व ‘एक्स’ या कळा एकत्र दाबल्या की, त्या पर्यायांसह गाभा सुरू होतो. हा बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो. चकतीवरील मांडणी तशीच राहते. त्यामुळे चूक झाली, तरी संगणक पुन्हा सुरू करताच मूळ स्थिती प्राप्त होते. प्रयोगासाठी हा मार्ग म्हणूनच सर्वांत निर्धोक मानला जातो.

नेहमी आढळणाऱ्या पर्यायांपैकी ‘रूट=’ हा मूळ फाईल प्रणाली कोठे आहे, हे सांगतो. पूर्वी येथे चकतीचे एचडीए, एसडीए यांसारखे नाव लिहीत. चकत्या जोडण्याचा क्रम किंवा चालक घटक बदलला की, ही नावे बदलत व प्रणाली सुरू होत नसे. म्हणून आता फाईल प्रणालीला तिच्या निर्मितीच्या वेळी दिलेला एकमेव ओळखक्रमांक लिहिला जातो. ‘आरओ’ या पर्यायामुळे मूळ फाईल प्रणाली आरंभी केवळ वाचनासाठी जोडली जाते. तिची तपासणी झाल्यावर लेखनाची मुभा मिळते. हा शब्द पाहून प्रणाली बंदिस्त झाली आहे, असे समजण्याचे कारण नाही.

‘क्वाएट’ हा पर्याय पडद्यावरील बहुतेक संदेश दडवितो व ‘स्प्लॅश’ त्यांच्या जागी चित्र दाखवितो. संगणक सुरू होताना मध्येच थांबत असेल, तर हे दोन शब्द काढून टाकणे ही तपासणीची पहिली पायरी होय. कारण त्यानंतर शेवटचा संदेश कोणत्या टप्प्यावर आला, ते दिसू लागते.

पडदा काळा राहणे ही नव्याने बसविलेल्या प्रणालीतील नेहमीची तक्रार असते. सु. २००९ पासून पडद्याची विभेदनक्षमता ठरविण्याचे काम गाभ्यातील चित्रचालकांकडे आले. एखाद्या चित्रपट्टाशी चालकाचे जुळले नाही, तर प्रणाली आतून व्यवस्थित चालू असूनही पडद्यावर काहीच दिसत नाही. ‘नोमोडसेट’ हा पर्याय दिल्यास गाभा हे काम करीत नाही व फर्मवेअरने ठरविलेल्या साध्या स्वरूपात पडदा दिसतो. योग्य चालक बसवेपर्यंतचा हा तात्पुरता उपाय आहे. तो कायम ठेवल्यास चित्रपट्टाच्या वेगवान क्षमतांचा उपयोग होत नाही.

‘एसीपीआय=ऑफ’ हा पर्याय विद्युत् व्यवस्थापनाची व सामग्रीचे वर्णन देणारी यंत्रणा बंद करतो. सदोष फर्मवेअर असलेल्या यंत्रांवर त्याने संगणक सुरू होतो, परंतु विद्युत् घटाची स्थिती, पंख्याचे नियंत्रण, कधीकधी एकाहून अधिक प्रक्रियकांचा वापरही बंद पडतो. ‘मेम=’ हा पर्याय वापरावयाच्या स्मृतीवर मर्यादा घालतो. ‘सिंगल’ हा शब्द प्रणाली एकाच वापरकर्त्याच्या अवस्थेत नेतो. पुनर्प्राप्तीच्या नोंदीत बहुधा हाच किंवा त्याच्याशी समानार्थी शब्द असतो.

काही पर्याय वेग व सुरक्षा यांतील निवडीचे असतात. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन व स्पेक्टर हे प्रक्रियकांच्या रचनेतील दोष उघड झाले. त्यांवरील गाभ्यातील प्रतिबंधांमुळे काही कामांची गती घटते. ‘मिटिगेशन्स=ऑफ’ या पर्यायाने हे प्रतिबंध एकत्रितपणे बंद करता येतात. आंतरजालाशी जोडलेल्या किंवा अनेकांनी वापरावयाच्या यंत्रावर असे करणे म्हणजे थोड्या वेगासाठी गुप्त माहिती धोक्यात घालणे होय.

गाभ्याला न समजणारा शब्द चूक म्हणून नाकारला जात नाही. तो इनिटकडे पुढे पाठविला जातो. यामुळे अशुद्ध लिहिलेला पर्याय सामान्यतः काहीही परिणाम न करता वाया जातो व पर्याय देऊनही दोष गेला नाही, असा चुकीचा समज होतो. प्रणाली सुरू झाल्यावर ‘प्रॉक’ संचयिकेतील ‘सीएमडीलाइन’ या फाईलीत गाभ्याला प्रत्यक्ष मिळालेली ओळ वाचता येते. ‘यूनेम’ या आज्ञेने चालू गाभ्याचे नाव कळते. कोणतेही अनुमान काढण्यापूर्वी या दोन गोष्टी पडताळून पाहणे हितावह ठरते.

कायमचे बदल : ग्रबची प्रत्यक्ष सूची ‘ग्रब.सीएफजी’ या फाईलीत असते. ती आपोआप तयार होत असल्याने तीत हाताने केलेले बदल गाभा पुढच्या वेळी अद्ययावत होताच पुसले जाण्याचा संभव असतो. डेबियन व उबुंटू यांत ‘ईटीसी’ या संचयिकेतील ‘डिफॉल्ट’ या उपसंचयिकेत असलेली ‘ग्रब’ ही फाईल बदलून ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा चालविणे, हा योग्य मार्ग होय. फेडोरामध्ये २०१९ मधील ३० व्या आवृत्तीपासून प्रत्येक गाभ्यासाठी एकेक लहान मजकूर-फाईल असते व पर्याय बदलण्यासाठी ‘ग्रबी’ ही आज्ञा वापरतात.

आपोआप निवडावयाची नोंद क्रमांकाने सांगता येते. ही मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणजे पहिल्या नोंदीचा क्रमांक शून्य असतो. मात्र नवा गाभा आला की, क्रम बदलतो व तोच क्रमांक वेगळ्याच नोंदीचा होतो. म्हणून विशिष्ट गाभा कायम ठेवावयाचा असल्यास क्रमांकाऐवजी नोंदीचे नाव किंवा ओळखचिन्ह देणे श्रेयस्कर. ‘ग्रब-रीबूट’ या आज्ञेने केवळ पुढच्या एका वेळेसाठी नोंद निवडता येते. दूर असलेल्या यंत्रावर नवा गाभा तपासताना ही सोय विशेष मोलाची ठरते. कारण तो गाभा न चालल्यास तेथील कोणी यंत्र बंद करून सुरू करताच जुना गाभा परत येतो.

संगणकावर एकच प्रणाली असल्यास उबुंटूमध्ये सूची दाखविलीच जात नाही. अशा वेळी बायोसच्या यंत्रावर ‘शिफ्ट’ ही कळ दाबून धरल्यास व यूईएफआयच्या यंत्रावर ‘एस्केप’ ही कळ दाबल्यास ती दिसते. मागील वेळी प्रणाली नीट सुरू झाली नसल्यास उबुंटू स्वतः होऊन सूची दाखविते.

बिघाड व त्यावरील उपाय : नव्या गाभ्याने संगणक सुरू होत नसेल, तर सूचीतून आधीचा गाभा निवडावा. तो चालला, तर चकती, फाईली व इतर सामग्री सुस्थितीत असून दोष नव्या गाभ्यात किंवा त्याच्या रॅमचकतीत आहे, हे निश्चित होते. आधीचा गाभाही चालला नाही, तर दोष बहुधा अन्यत्र असतो. अशा रीतीने सूची हे उपायाइतकेच निदानाचेही साधन आहे.

‘बूट’ विभाग भरून जाणे, हे अशा बिघाडाचे एक सर्वसामान्य कारण होय. गाभ्याची फाईल साधारणपणे ८ ते १५ मेगाबाइटांची असते. तिच्या सोबतची रॅमचकती पुष्कळदा त्याहून अनेक पट मोठी असते. विभाग लहान असून त्यात अनेक गाभे साठले, तर नवा गाभा लिहिला जातो, पण रॅमचकतीसाठी जागा उरत नाही. अशा गाभ्याला मूळ फाईल प्रणाली सापडत नाही व तो ‘कर्नेल पॅनिक’ हा संदेश देऊन थांबतो. आधीच्या गाभ्याने प्रणाली सुरू करून, सर्वांत जुने गाभे काढून व नव्याची रॅमचकती पुन्हा तयार करून हा दोष दूर होतो.

जुने गाभे काढताना त्यांच्या फाईली हाताने पुसू नयेत. प्रत्येक गाभ्याचे मॉड्यूल वेगळ्या संचयिकेत असतात व गाभा आणि मॉड्यूल यांचे क्रमांक तंतोतंत जुळावे लागतात. मॉड्यूल पुसले जाऊन गाभा राहिला, तर प्रणाली कदाचित सुरू होते, परंतु जाळे, ध्वनी इ. चालत नाहीत. पॅकेज व्यवस्थापक हे काम सुसंगतपणे करतो व चालू गाभा वगळतो. चालू गाभ्याखेरीज निदान एक चाललेला जुना गाभा ठेवणे, हा सर्वमान्य दंडक आहे.

मात्र जुना गाभा हा आश्रय आहे, कायमचा निवास नव्हे. नव्या गाभ्यांत सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. उदा., ‘डर्टी काऊ’ या नावाने ओळखला गेलेला दोष २००७ मधील २.६.२२ या आवृत्तीपासून गाभ्यात होता. त्यायोगे सामान्य वापरकर्त्याला सर्वाधिकार मिळविता येत. ऑक्टोबर २०१६ मध्ये तो दुरुस्त झाला. अद्ययावत केलेल्या यंत्रावरही जो सूचीतून दुरुस्तीपूर्वीचा गाभा निवडीत राहिला, त्याला त्या दुरुस्तीचा लाभ मिळाला नाही.

सुरक्षा : बूट-सूची ज्याच्या हाती, त्याच्या हाती संगणक, असे म्हणता येते. ‘इनिट=’ या पर्यायापुढे बॅश या आज्ञाकवचाचा मार्ग लिहिल्यास गाभा नेहमीच्या इनिटऐवजी ते कवच सुरू करतो व कळफलकापाशी बसलेल्या व्यक्तीला परवलीचा शब्द न विचारता सर्वाधिकार मिळतात. विसरलेला परवलीचा शब्द बदलण्यासाठी मालकाला हीच युक्ती उपयोगी पडते. परक्या व्यक्तीलाही ती तितकीच सुलभ असते. म्हणून सार्वजनिक ठिकाणच्या संगणकांवर सूचीतील नोंदी बदलण्यास ग्रबचा परवलीचा शब्द ठेवतात. हा उपायही अभेद्य नाही. ‘बॅकस्पेस’ ही कळ २८ वेळा दाबल्यास ग्रबची ही तपासणी टाळता येते, असे व्हॅलेन्सिया येथील संशोधकांनी डिसेंबर २०१५ मध्ये दाखवून दिले. तो दोष नंतर दुरुस्त करण्यात आला. शिवाय चकती काढून दुसऱ्या यंत्राला जोडल्यास बूटलोडरचा शब्द निरर्थक ठरतो. साठविलेल्या माहितीचे खरे रक्षण चकती कूटबद्ध केल्यानेच होते.

यूईएफआयमधील ‘सिक्युअर बूट’ ही सोय केवळ मान्य डिजिटल स्वाक्षरी असलेले बूटलोडर व गाभे चालू देते. प्रमुख वितरणांचे गाभे स्वाक्षरित असतात. वापरकर्त्याने स्वतः बनविलेल्या गाभ्यासाठी मात्र स्वतःची किल्ली फर्मवेअरमागील यादीत नोंदवावी लागते; अन्यथा सूचीत नोंद दिसूनही तो गाभा सुरू होत नाही. जुलै २०२० मध्ये ‘बूटहोल’ हा दोष उघड झाला. ग्रब आपली मांडणीची फाईल ज्या रीतीने वाची, तीत हा दोष असून त्यामुळे स्वाक्षरीची तपासणी निष्फळ ठरू शकत असे. मांडणीच्या फाईलीला स्वाक्षरी नसल्याने हे शक्य झाले. गाभा, रॅमचकती व पर्याय यांची एकच स्वाक्षरित फाईल बनविण्याची पद्धत यासाठी पुढे आली आहे. तीत पर्यायही स्वाक्षरीखाली येतात. साहजिकच सूचीतून ते क्षणात बदलण्याची मोकळीक कमी होते. अशा यंत्रावर आधीच्या, चालत असलेल्या गाभ्याची स्वाक्षरित फाईल जपून ठेवणे अधिकच अगत्याचे ठरते.